उसनी गोळी
संधिवाताच्या औषधांचा महासाथीतील प्रवास

मार्च २०२०चा शेवटचा आठवडा. देशात टाळेबंदी लागून तीन-चार दिवस झाले होते. इस्लामपुरात एकाच कुटुंबातले बरेच जण करोनाबाधित निघाल्यामुळे आमचा सांगली जिल्हा रोज बातम्यांत होता. अशात एका सकाळी इचलकरंजीहून अक्काचा फोन आला.

"अरे, इथं माझी गोळी मिळंना झालीय. दोन मेडिकल बघून झाली. सांगलीत मिळते का बघतोस?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला तेव्हा ल्युपस होऊन बावीस वर्षे झाली होती. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंवर धावून जाण्याऐवजी आपल्याच शरीरावर उलटते, अशा आजारांपैकी हा एक. कधी सांधे सुजतात, कधी गालांवर लाल चट्टे उठतात, कधी तोंड येते; आणि सर्वांत वाईट म्हणजे काही न दुखता-खुपता मूत्रपिंडे बिघडू शकतात. अक्काचा आजार इतकी वर्षे शांत राहिला तो मुख्यतः एका औषधावर. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे त्याचे नाव. जेवणानंतर एक पांढरी गोळी, की काम झाले. घरात देवापुढचा दिवा लावावा इतक्या सवयीने ती घेतली जायची.

मी त्या दिवशी सांगलीतली सहा दुकाने पालथी घातली. चौथ्या दुकानदाराने सरळच सांगितले, "साहेब, गेल्या आठवड्यापर्यंत खोकं भरून होत्या. लोकांनी पाकिटंच्या पाकिटं नेली. आता चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा हुकूम आलाय. पण चिठ्ठी आणलीत तरी माल कुठाय?" अक्काजवळ नऊ गोळ्या उरल्या होत्या. तिने कोणालाही न सांगता त्या दिवसाआड घ्यायला सुरुवात केली.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर; आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या. इतिहास वाचायचा नाद मात्र जुना. टाळेबंदीत वेळ होता, करोनाविषयीचे शोधनिबंध फुकट वाचायला मिळत होते, आणि एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता : विषाणूची साथ आली तर सांधेदुखीच्या बाईची गोळी का संपावी? या प्रश्नामागे जाता जाता मी शंभर-सव्वाशे वर्षे मागे गेलो. जे हाती लागले ते पुढे मांडतो. हा उपचाराचा सल्ला नव्हे. औषधांच्या उसनवारीचा हा इतिहास आहे.

झाडाची साल आणि सैनिकांचे चट्टे

ही गोळी मुळात संधिवाताची नव्हेच. तिचे घराणे हिवतापाचे. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना झाडाची साल तापावर चालते हे युरोपला सतराव्या शतकापासून ठाऊक होते. १८२०मध्ये पेलेतिए आणि कॅव्हेंतू या दोघा फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्या सालीतून क्विनीन वेगळे काढले. पुढे १८९४मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील डॉ. जोसेफ पेन यांनी एका व्याख्यानात, ल्युपसच्या चट्ट्यांवर आपण क्विनीन देऊन पाहिल्याचे सांगितले. हिवतापाच्या कपाटातून संधिवाताच्या कपाटात झालेली ही पहिली उसनवारी. ती फार कोणाच्या लक्षात राहिली नाही.

ती लक्षात आणून दिली युद्धाने. जगाचे बहुतेक क्विनीन जावा बेटावरच्या सिंकोनाच्या मळ्यांतून येई. १९४२मध्ये जपानने जावा जिंकले आणि दोस्त राष्ट्रांचा पुरवठा तुटला. पॅसिफिकच्या जंगलांत लढणाऱ्या सैनिकांना मग मेपाक्रिन ही कारखान्यात बनवलेली गोळी रोज दिली जाऊ लागली. तिने कातडी पिवळी पडे. सैनिक ती घ्यायला कुरकुरत. पण ज्यांना आधीपासून चट्टे किंवा सांधेदुखी होती अशा काहींना गोळी घेता घेता आराम पडल्याचे दिसून आले. १९५१मध्ये डॉ. फ्रान्सिस पेज यांनी 'लॅन्सेट'मध्ये ल्युपसच्या १८ रुग्णांना मेपाक्रिन दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. बहुतेकांचे चट्टे कमी झाले आणि ज्यांना सोबत संधिवात होता त्यांचे सांधेही सुधारले. याच कुळातले क्लोरोक्विन १९३४मध्ये जर्मनीत तयार झाले होते. त्यात थोडा रासायनिक बदल करून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बनले आणि अमेरिकेत १९५५मध्ये त्याला मान्यता मिळाली.

म्हणजे हिवतापाकडून घेतलेली गोळी संधिवाताच्या रुग्णांकडे स्थिरावली तीसुद्धा एका दिवसात नव्हे. ती जास्त मात्रेत बरीच वर्षे घेतली तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, हे १९५९मध्ये लक्षात आले. मग वजनाप्रमाणे मात्रा ठरवणे आणि ठरावीक काळाने डोळे तपासणे हे शिस्तीत बसले. आणि ती बंद केली तर काय होते, याचाही हिशेब मांडला गेला. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी मला हिशेबनीस म्हणून फार आवडते, कारण ती छोटी आणि स्वच्छ आहे. आजार आटोक्यात असलेले ल्युपसचे ४७ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. २५ जणांची गोळी चालू ठेवली, २२ जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. सहा महिन्यांत पहिल्या गटातल्या ९ जणांचा आजार उसळला. दुसऱ्या गटात २२ पैकी १६ जणांचा.

अक्काच्या हातात नऊ गोळ्या होत्या तेव्हा या चाचणीला एकोणतीस वर्षे होऊन गेली होती. गोळी बंद पडली तर काय होईल, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक नव्हते असे म्हणायला जागाच नव्हती.

वीस मार्च ते पंधरा जून

मग मार्च २०२०मध्ये घडले काय?

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये क्लोरोक्विन आणि त्याचे भावंड करोनाच्या विषाणूला अडवते असे दिसले होते. २० मार्चला फ्रान्समधल्या मार्से येथील दिदिए राऊल यांच्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. ३६ रुग्णांची नोंद त्यात होती आणि औषधाने नाकातला विषाणू झपाट्याने नाहीसा होतो असा दावा होता. मी तो निबंध कोश हाताशी घेऊन दोनदा वाचला. औषध दिलेले रुग्ण मुळात २६ होते. त्यांतले ६ हिशेबातून वगळले होते. का वगळले, तेही तिथेच लिहिलेले होते. तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले, एक मरण पावला, एक रुग्णालय सोडून गेला आणि एकाने मळमळ होते म्हणून गोळी थांबवली. बुडीत खाती बाजूला ठेवून उरलेल्या खात्यांवर नफा दाखवावा, असा हा ताळेबंद होता. डिसेंबर २०२४मध्ये त्या नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. पण तोवर पावणेपाच वर्षे गेली होती.

त्या आठवड्यात जग कसे पळत सुटले ते तारखांवरूनच दिसते. २१ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी या औषधाची ट्विटरवर भलामण केली. २२ मार्चला आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कृतिदलाने रुग्णांची सेवा करणारे आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातले निकटवर्ती यांच्यासाठी प्रतिबंधक म्हणून या गोळीची शिफारस केली. शिफारस मोजक्या लोकांसाठी होती, पण दुकानासमोरच्या रांगेला 'मोजक्या' हा शब्द ऐकू येत नाही. २६ मार्चला केंद्र सरकारने ही गोळी चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. सांगलीच्या दुकानदाराने सांगितलेला हुकूम तो हाच. २८ मार्चला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तातडीच्या वापराला परवानगी दिली. ४ एप्रिलला भारताने निर्यातबंदी कडक केली. तीन दिवसांत, अमेरिकेचा दबाव आल्यावर, ती सैल केली. एप्रिलमध्ये मुंबईत धारावी आणि वरळी कोळीवाड्यातल्या हजारो लोकांना ही गोळी देण्याचा बेत पुढे आला आणि मग मागे पडला.

भारत हा या औषधाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक देश आहे हे तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर अभिमानाने सांगितले जात होते. ते खरेच होते. पण कारखान्यात गोळी बनणे आणि इचलकरंजीतल्या एका बाईच्या हातात ती पोचणे यांत अंतर असते. आणि अशी अक्का काही एकटी नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला, उजनीच्या पाण्याकाठी, डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६पासून घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली होती. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना अशी काही ना काही तक्रार होती. ज्याला आमवात म्हणतात तो हट्टी संधिवात शेकडा अर्धा, म्हणजे दोनशे माणसांत एकाला. त्यांतले कितीतरी जण हीच गोळी घेत असतात, कारण संधिवाताच्या औषधांत ती स्वस्त आणि सुरक्षित. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात असे लोक असणार. ते रांगेत पुढे नव्हते. सांधे धरलेली माणसे रांगेत पुढे नसतातच.

५ जूनला ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीचा निकाल आला. ब्रिटनमधल्या पावणेदोनशे रुग्णालयांत ती चालू होती. अंतिम आकडे असे : गोळी दिलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के दगावले, न दिलेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के. उपयोग शून्य. १५ जूनला अमेरिकेने आपली परवानगी मागे घेतली. पुढे कारणही उलगडले. बशीतल्या पेशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या होत्या. त्यांत विषाणू ज्या वाटेने शिरतो ती वाट ही गोळी अडवते. माणसाच्या फुप्फुसात त्याला दुसरे दार उघडे असते. आपल्याकडच्या राष्ट्रीय उपचारसूचीतून मात्र ही गोळी सप्टेंबर २०२१मध्ये वगळली गेली.

विचारायचे राहून गेले

या सगळ्या वाचनात एक गोष्ट मला सर्वांत जास्त बोचली. ही गोळी करोना टाळते का, हा प्रश्न मार्चमध्ये सगळे जग विचारत होते. त्याचे उत्तर ज्यांच्याजवळ होते त्यांना मात्र कोणी विचारले नाही. जगभर लाखो ल्युपसग्रस्त ही गोळी वर्षानुवर्षे रोज घेत होते. गोळी ढाल असती तर या लोकांना करोना होऊच नये.

हा प्रश्न विचारला तो शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनीच. मार्च २०२०मध्ये, साथ पसरत असतानाच, समाजमाध्यमावरच्या एका संवादातून 'ग्लोबल ऱ्हुमॅटॉलॉजी अलायन्स' हे जगभरचे नोंदणीपुस्तक उभे राहिले. ज्या संधिवात रुग्णाला करोना झाला त्याची माहिती त्याच्या डॉक्टरने त्यात भरायची. काही आठवड्यांतच पहिली नोंद हाती आली : करोना झालेले ल्युपसचे ८० रुग्ण, आणि त्यांपैकी ५१ जण आधीपासून हिवतापाच्या कुळातली गोळी घेत होते. म्हणजे शंभरात ६४. ढाल नव्हती. ५ जूनच्या मोठ्या निकालाच्या आधी, फक्त वही उघडून, हा इशारा मिळाला होता. अशा नोंदींतून सगळे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण माणसांना दुकानांकडे पळवण्याआधी एकदा ही वही उघडायला काय हरकत होती?

त्याच वहीतून मे २०२०मध्ये दुसरा, जास्त महत्त्वाचा हिशेब निघाला. ४० देशांतले ६०० रुग्ण. प्रश्न असा की प्रतिकारशक्तीला वेसण घालणारी औषधे घेणाऱ्यांना करोना जास्त जड जातो का? तेव्हा अनेक रुग्णांनी भीतीने स्वतःच औषधे थांबवली होती. उत्तर कोणाच्या अंदाजाप्रमाणे आले नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने रुग्णालयात दाखल होण्याचा धोका ना वाढला, ना घटला. नव्या जैविक औषधांपैकी टीएनएफ हा दाहकारक रेणू अडवणाऱ्यांचा वापर करणारे लोक उलट कमी प्रमाणात दाखल झाले होते. धोका वाढलेला दिसला तो रोज दहा मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, घेणाऱ्यांत. पुढच्या वर्षी ३,७२९ रुग्णांच्या पाहणीत आणखी दोन गोष्टी दिसल्या. रिटुक्सिमॅब हे औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. आणि ज्यांचा मूळ आजारच उसळलेला होता त्यांच्यातही.

हे वाचले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण तोवर अक्काच्या घरी काय झाले होते ते असे. एप्रिलच्या शेवटी पुण्याच्या एका मित्राने दोन पाकिटे मिळवून पाठवली. पण मधले महिनाभर गोळी निम्मी-शिम्मी झाली होती. हे औषध शरीरातून सावकाश निघते, म्हणून पहिले काही आठवडे काही जाणवले नाही. मेच्या मध्यावर बोटे सुजली. तोंड आले. डॉक्टरांनी फोनवरच तपासले. दूरस्थ उपचारांची नियमावली २५ मार्चलाच आली होती, तिचा तेवढा उपयोग झाला. त्यांनी प्रेडनिसोलोन पाचावरून वीस मिलिग्रॅमवर नेले. दुसरा इलाजच नव्हता. लघवीची तपासणी व्हायला जुलै उजाडला, आणि तीत प्रथिने निघाली.

एक गोळी चुकल्यामुळेच मूत्रपिंडावर आले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ल्युपस गोळी चालू असतानाही उसळतो. त्या कॅनडाच्या चाचणीत २५ पैकी ९ जणांचा उसळलाच होता. पण जमाखर्च एवढा स्पष्ट आहे : जी गोळी करोनात कोणाच्याच कामी आली नाही ती अक्काला मिळाली नाही, आणि ती न मिळाल्यानंतर जे औषध तिला वाढवून घ्यावे लागले ते नेमके करोनात धोका वाढवणारे होते.

त्याच जुलैत शेजारच्या वहिनी एक पिशवी घेऊन आल्या. आत चार न उघडलेली पाकिटे. "मार्चमध्ये ह्यांनी आणून ठेवली होती हो. आता टीव्हीवर सांगतात की उपयोग नाही. तुम्हाला लागतात असं कळलं." अक्काने पिशवी घेतली आणि विचारले, "तुम्ही कोणी घेतल्या नाहीत ना? तुमच्या सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे, म्हणून विचारते." तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र आला होता. आज विचार करता वाटते, वहिनींवर रागावण्यात अर्थ नव्हता. त्यांनी दूरदर्शनवर जे ऐकले ते केले.

ज्या उसनवारीचे चीज झाले

इथवर वाचून कोणाला वाटेल की संधिवाताचे औषध साथीत वापरणे हीच चूक. तसे मुळीच नाही. करोनाच्या गंभीर रुग्णांचे प्राण ज्या औषधांनी वाचवले त्यांतली प्रमुख औषधे याच कपाटातली होती.

पहिले स्टिरॉइड. त्याची गोष्ट अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सुरू होते. १९२९मध्ये डॉ. फिलिप हेंच यांना एका संधिवात रुग्णाने, जो स्वतः डॉक्टर होता, सांगितले की कावीळ झाल्यापासून माझे सांधे दुखायचे थांबले. हेंच यांनी हे झटकून टाकले नाही. गर्भारपणातही अनेक बायकांची सांधेदुखी थांबते हेही त्यांनी टिपून ठेवले. शरीरच असे काही तयार करत असले पाहिजे, या तर्काने ते एकोणीस वर्षे चालत राहिले. सहकारी एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथींतून वेगळे काढलेले एक द्रव्य २१ सप्टेंबर १९४८ रोजी एका एकोणतीस वर्षांच्या, जवळजवळ अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीला टोचले गेले. काही दिवसांत ती चालत बाजारात खरेदीला गेली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. १९५०चे नोबेल हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना मिळाले. मात्र तोवर चेहरा सुजणे, मन बिघडणे असे त्याचे दुष्परिणामही दिसू लागले होते. स्टिरॉइड केव्हा, किती आणि किती दिवस, हे संधिवाताच्या डॉक्टरांना पुढची अनेक वर्षे शिकावे लागले.

याच कुळातले डेक्सामेथासोन 'रिकव्हरी'ने तपासले. १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला : कृत्रिम श्वासयंत्रावरच्या रुग्णांत मृत्यू एक तृतीयांशाने घटले, नुसता प्राणवायू लागणाऱ्यांत एक पंचमांशाने. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. उलट अपायाचीच शंका. मात्रा रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. कारण सोपे आहे. पहिल्या आठवड्यात लढाई विषाणूशी असते. तेव्हा आपल्याच सैन्याचे हात बांधणे चुकीचे. दुसऱ्या आठवड्यात काही जणांचे सैन्य बेभान होऊन स्वतःचीच फुप्फुसे जाळू लागते. तेव्हा त्याला आवरावे लागते. हे बेभान होणे संधिवाताच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचे.

दुसरे टोसिलिझुमॅब. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये इंटरल्यूकिन-६ या दाहाच्या निरोप्याचे जनुक शोधले. हा निरोप्या जिथे जाऊन बसतो ती जागा अडवणारे हे औषध. जपानमध्ये २००८मध्ये आमवातासाठी मान्य झाले. २०१२मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगावरच्या नव्या पेशी-उपचारानंतर एक सहा वर्षांची मुलगी तापाने मृत्यूच्या दारात होती. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ प्रचंड वाढलेले निघाले. उपचार शोधणारे कार्ल जून यांना टोसिलिझुमॅब ठाऊक होते, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला बालपणचा संधिवात होता. औषध दिले आणि ती मुलगी वाचली. एका बापाला मुलीच्या सांधेदुखीमुळे माहीत असलेले औषध दुसऱ्या बापाच्या मुलीला लागू पडले. २०२१मध्ये 'रिकव्हरी'ने दाखवले की करोनाच्या ज्या रुग्णांत प्राणवायू कमी आणि दाह जास्त, त्यांच्यात हे औषध दिल्यास २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. आमवाताचेच बॅरिसिटिनिबही पुढे उपयोगी ठरले. गाउटवरचे कोल्चिसिन मात्र तपासात नापास झाले.

पण चाचणीत सिद्ध झालेले औषधही गोंधळात बिघडते, हे आपण २०२१च्या उन्हाळ्यात पाहिले. चाळीस हजार रुपयांच्या आसपास छापील किंमत असलेली टोसिलिझुमॅबची कुपी मिळवण्यासाठी लोक शहरामागून शहर फोन करत होते आणि काळ्या बाजारात कितीतरी जास्त मोजत होते. त्या दिवसांत संधिवाताच्या ज्या मुलांना हे इंजेक्शन दरमहा लागते त्यांच्या आईबापांचे काय झाले असेल, याचा हिशेब कुठल्या बातमीत मला दिसला नाही. आणि डेक्सामेथासोन? ते स्वस्त, म्हणून पहिल्याच दिवशी, प्राणवायू लागत नसतानाही, जास्त मात्रेत आणि जास्त दिवस घेतले गेले. आधीच मधुमेहाचे प्रमाण मोठे. त्यात स्टिरॉइडने साखर चढली. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, रुग्णांची रांग लागली. कितीतरी लोकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. हेंच यांच्या पिढीने स्टिरॉइडबद्दल जो धडा घेतला होता, तो आपण सत्तर वर्षांनी पुन्हा नव्याने, फार महागात गिरवला.

परतफेड

उसने घेणे वाईट नाही. संधिवाताचे सगळे कपाटच उसनवारीवर भरलेले आहे. आमवातावर आज जगभर पहिले दिले जाणारे मेथोट्रेक्सेट कर्करोगाकडून आले. त्यामागच्या संशोधनात आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा आहे. फरक पडतो तो उसने कसे घेतले यात. हेंच एकोणीस वर्षे रुग्णाच्या एका वाक्यामागे चालले. कॅनडाच्या डॉक्टरांनी ४७ माणसांचे चोख गट पाडले. साथीत एकोणीस वर्षे थांबता येत नाही, हे खरे. पण 'रिकव्हरी'ने दाखवले की तीन महिन्यांतही नीट तपासता येते.

परतफेड अजिबात झाली नाही असेही नाही. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसांना लस कितपत लागू पडते, हा प्रश्न साथीमुळेच नेटाने विचारला गेला. केरळात कोचीच्या संधिवाततज्ज्ञांनी पुण्यात बनलेल्या कोव्हिशील्डवर चाचण्या केल्या आणि लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवले तर प्रतिपिंडे जास्त तयार होतात, दुसऱ्या मात्रेनंतर थांबवले तरी पुरते, असे दाखवून दिले. ब्रिटनमध्येही असाच निष्कर्ष निघाला. साधी, बिनखर्चाची युक्ती. फ्लूच्या लशीपासून पुढच्या साथीपर्यंत असे प्रश्न विचारण्याची वाट तरी तयार झाली. अक्का मात्र तोवर मूत्रपिंडासाठी मायकोफेनोलेट घेऊ लागली होती आणि त्या औषधावर लशीचा परिणाम कमी होतो हे तिला माहीत झाले होते. जानेवारी २०२२मध्ये साठीवरच्या आजारी लोकांना तिसरी मात्रा खुली झाली. नियमाप्रमाणे तिची पाळी आली तेव्हा ती केंद्रावर पहिल्या नंबरला जाऊन बसली.

पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही, पण ती आल्यावर कुठल्या तरी रोजच्या औषधाचे नाव पुन्हा दूरदर्शनवर येईल हे नक्की. तेव्हा दोन साधे प्रश्न कोणी तरी पहिल्याच दिवशी विचारावेत. हे औषध आज कोण घेत आहे? त्यांना विचारले का? पहिल्या प्रश्नाने त्या माणसांचा साठा आधी बाजूला काढून ठेवता येईल. दुसऱ्याने कदाचित महिनोन्‌महिन्यांची धावपळ वाचेल.

अक्का आता पासष्टीची आहे. लघवीतली प्रथिने कमी झाली आहेत, पण पूर्ण गेलेली नाहीत. तिच्या कपाटात स्टीलच्या डब्यात दोन महिन्यांच्या गोळ्या जास्तीच्या असतात. डबा उघडून ती दर पाच तारखेला मोजते आणि वहीत लिहून ठेवते. हा लेख पाठवण्याआधी मी तिला वाचून दाखवला. बाकी सगळे तिने मुकाट्याने ऐकले. एकाच ठिकाणी मला थांबवले. मी 'अकरा गोळ्या उरल्या होत्या' असे लिहिले होते.

"अकरा नव्हत्या रे," ती म्हणाली, "नऊ होत्या."

तिने २०२०ची वही काढली. आम्ही पान उलटून पाहिले. नऊच होत्या.